न झाडलेला मजला

३ मार्च

आज आत जाऊ दिलं! नगरपालिकेच्या इंजिनिअरने कुलूप काढलं आणि म्हणाला, "बाई, अर्धाच तास. आणि वर जाऊन भाषण ठोकू नका, प्लास्टर पडतंय." आगाऊ आहे. पण आवडला.

धान्याचा मनोरा आणि त्याला चिकटलेली गिरणी पाडायची की ठेवायची, याची सुनावणी एकवीस तारखेला. ठेवा म्हणणाऱ्यांच्या वतीने मी बोलणार – दुसरं कोण? शिवाय समितीला लेखी इतिहास हवाय. जन्मभर गिरणी कामगारांसाठी बोलत आले. लिहायला बसलं की हात जड होतो.

आत बारा गोल कोठ्या, आठ मजली उंच, रिकाम्या. वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप उतरत होती आणि तिच्यात अजून भुकटी तरंगत होती. गिरणी बंद पडून बावीस वर्षं झाली, तरी! भिंतीला कान लावला. दूरवर कुठेतरी धान्य सरसरत खाली येतंय असं वाटलं. किती वेळ उभी होते कोण जाणे. इंजिनिअर खाकरला तेव्हा बाहेर आले.

५ मार्च

जुने कागद. आधी नुसती लाकडी शेड, पाठीवर पोती, फळीवरून चढायचं. मग मनोरा. काँक्रीटचा साचा तासातासाला वीतभर वर सरकवायचा, थांबायचं नाही – थांबलं की जोड कच्चा राहतो. नऊ दिवस, नऊ रात्री. बांधणाऱ्या एकाचंही नाव कुठल्या कागदात नाही. उद्घाटनाच्या फोटोखाली मालकाच्या कुत्र्याचं नाव मात्र आहे!

पट्ट्यावरच्या बादल्या धान्य वर नेत. तिथून ते आपल्याच वजनाने खाली: चाळण, वाफ, रोलर, शेवटी खोक्यात न्याहारीचे फ्लेक्स. "दाणा एकदाच चढतो, मग नुसता उतरत राहतो," दादा म्हणायचा. माझा मोठा भाऊ. वरच्या मजल्यावर तेलवाला होता, बेअरिंगना तेल घालायचा.

९ मार्च

दुपारी खुर्चीतच डोळा लागला. गुडघ्याएवढ्या कोमट गव्हातून चालत होते. दादा पुढे. हाक मारली तर वळेना, पण हसत असावा – खांदे हलत होते. जागी झाले तरी पायांना ऊब होती.

१२ मार्च

अपघातापर्यंत पोचले. एक्केचाळीस वर्षं व्यासपीठांवरून सांगतेय: मालकाने झिजलेलं बेअरिंग बदललं नाही, ते तापलं, ठिणगी पडली, वरचा मजला उडाला, तीन माणसं गेली. त्यांतला एक दादा. आज त्याच्या अक्षरातल्या तीन तक्रारी सापडल्या. "बेअरिंग आवाज करते. बदलावे." तिन्हींवर साहेबाची सही, पुढे काही नाही. खरंच होतं माझं!

पण चौकशीच्या अहवालात एक ओळ आहे. "मजला झाडलेला नव्हता."

गिरणीत सगळ्यांत कडक नियम तोच. दर पाळी बदलताना वरचा मजला झाडायचा. पिठाची भुकटी हवेत उडाली की फटाक्याच्या दारूसारखी पेटते. मजला स्वच्छ असता तर ठिणगी जागच्या जागी विझली असती. मग त्याच दिवशी का झाडला नाही?

मावशीला विचारायला हवं.

१४ मार्च

मावशी नात्याने कुणाचीच नाही, पण सगळ्या गिरणीची मावशी. झाडणाऱ्या आठ बायकांची मुकादम होती. ऐंशी उलटली. ओसरीत वाटाणे सोलत बसली होती. विचारलं तर हात न थांबवता म्हणाली, "बोलायचंय की लिहायचंय?"

"लिहायचंय."

"मग खरं सांगते. भाषणात चालतं गं थोडं इकडेतिकडे. लिहिलेलं राहतं."

मी एकोणीस वर्षांची. अपघाताच्याच दिवशी, पाळी बदलताना फाटकाबाहेर, पालथ्या पिंपावर उभी राहून माझं पहिलं भाषण. ते मला ठाऊक आहे. कधी विसरले नाही. पण आठहीजणी झाडायचं सोडून ऐकायला खाली आल्या होत्या, हे ठाऊक नव्हतं.

"दहा मिनिटं म्हणाली होतीस. पाऊण तास बोललीस! आणि काय बोललीस, बाई! आम्ही झाडू हातात धरून पुतळ्यासारख्या. मला आठवण झाली होती मध्येच. म्हटलं, जाऊ दे, एक दिवस नाही झाडलं तर काय आभाळ कोसळतं?"

"आणि दादा?"

"त्यालाही बोलावलं की. म्हणाला, आठवडाभर घरात तेच ऐकतोय, मला पाठ झालंय. तुम्ही जा, मी बेअरिंगकडे बघतो."

वाटाणे सोलत राहिली. मी पण चार शेंगा उचलल्या.

१५ मार्च

काही नाही.

१७ मार्च

बेअरिंग मालकाचं. भुकटी माझी. स्फोटाला दोन्ही लागतात.

समितीपुढे हे वाचलं तर समोरचा वकील टपलेलाच आहे – कामगारांच्या चुकीचं स्मारक कशाला, म्हणेल. मनोरा गेलाच समजा. नाही वाचलं तर? कुणाला कळणार? अहवालातली ती ओळ माझ्या भाषणाशी जोडणाऱ्या आम्ही दोघीच. मावशीला तसं म्हटलं तर फिस्कारली. "माझं नाव घाल. मुकादम मी होते."

दिवसभर खिडकीतून मनोऱ्याकडे बघत होते. धुक्यात त्याचं बूड दिसत नव्हतं, नुसता वरचा मजला तरंगत होता. तो मजला तर पुन्हा बांधलाय! तरी वाटलं, कुणीतरी तेलाची बुधली घेऊन कठड्याशी उभं आहे.

२१ मार्च

वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा कागद हातात धरून बोलले. सात मिनिटं. बांधणारे, पोती वाहणारे, तक्रारी, पाऊण तास, सगळं. मावशीचं नावही, ती पहिल्या रांगेत ताठ बसली होती.

वकील उठलाच. "म्हणजे अपघात कामगारांच्या हलगर्जीपणामुळे."

"मालकाच्या," म्हटलं. "आणि माझ्या. त्या ऐकायला आल्या, तो त्यांचा हक्क होता. थांबायचं मला कळलं नाही."

नवल एकच. मागे सगळी जुनी माणसं होती – रोलरवाला, वजनकाट्यावरचे दोघे, झाडणाऱ्यांतल्या उरलेल्या तिघी. एकही हुंकार नाही. रोलरवाला खिडकीबाहेर बघत होता. एकीने चष्मा पुसला, पुन्हा घातला.

२२ मार्च

मनोरा पाडणार. पाच विरुद्ध चार.

मावशीकडे गेले. म्हटलं, "काल कुणीच कसं दचकलं नाही?"

"दचकायचं काय त्यात? सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"मग एक्केचाळीस वर्षं मला कुणी एका शब्दाने –"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा तोंड उघडलं असतंस? मग आमच्यासाठी बोललं कोण असतं?"