मनाची गुलामगिरी आणि आईचा हवापालट

५ मार्च १९९५, तारनाका
सेमिनारच्या पेपरला सुरुवात. इंग्रज गेले, पण आपण स्वतःकडे अजून त्यांच्याच डोळ्यांनी बघतो. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांतही हे फार थोड्यांना दिसतं. मला दिसतं. संकल्प: आजपासून घरात फक्त मराठी.

९ मार्च
पोरीचा, प्रियदर्शिनीचा, कॉन्व्हेंटात इंटरव्ह्यू लागला. पंचवीसला. संकल्प तोवर तहकूब. लढायचं तर शत्रूचा किल्ला आतून बघितलेला बरा.

१२ मार्च
पोरीला इंग्रजीत नाव विचारलं. म्हणाली, "नक्को, नींद आली." हे सगळं आईचं. आईची मराठी इथल्या दखनी उर्दूत मुरलेली. (पेपरात मी याला 'संमिश्र भाषेची समृद्धी' म्हटलंय. आहेच.) आईनं काही दिवस अंबरपेठला, माझ्या बहिणीकडे, भामाकडे राहावं का, असं बायकोला विचारलं. त्रिवेणी म्हणाली, तुमची आई, तुम्हीच सांगा.

१३ मार्च
सांगितलं. हवापालट म्हणून. एकाच शहरात तारनाक्याहून अंबरपेठला कसली हवा पालटते, असं आईनं विचारलं नाही. ऑटोत बसताना एवढंच म्हणाली, "हौ, समजलं मला. पोरीचं होऊ दे."
 

२५ मार्च
पोरगी फाडफाड बोलली. घरी कोण कोण असतं, असं सिस्टरनं विचारलं. 'मम्मी अँड डॅडी.' मी दुरुस्त करणार होतो. पण सिस्टर खूश दिसल्या. राहिलं.

२ एप्रिल
ॲडमिशन झाली. पेपरही वाचला. इंग्रजीत; पाहुणे बाहेरचे, इलाज नव्हता. 'ज्यांना आपण गप्प बसवलं त्यांचा आवाज ऐकायला हवा' इथे माझाच आवाज बसला. माइक भिकार होता. टाळ्या भरपूर. आईला आणायला उद्या नक्की.

९ एप्रिल
आठवडा गडबडीत गेला. संध्याकाळी अंबरपेठला पोचलो. भामानं पाणी दिलं. आई पदर सावरत उभी राहिली आणि मला, पोटच्या पोराला, म्हणाली, "गुड मॉर्निंग." शेजारच्या मुलीकडून शिकली म्हणे. मग हळूच विचारलं, "एवढं आलं तर चालंल का रे घरी?"
पाया पडायचं मनात होतं. तोंडून निघालं, "संध्याकाळी गुड ईव्हनिंग म्हणतात, आई."
तिनं लगेच तसं म्हटलं.