तुझ्या माहेरचे केस

माय, माझं डोकं पुन्हा पांढरं झालं आहे आणि त्यापायी मी गेला महिनाभर चिडलेला आहे. बायकोवर चिडून झालं, सायकलीवर चिडून झालं, काल आरशावरही चिडलो, आणि आरसे विकणं हा तर माझा धंदा. आता तूच राहिलीस. हे केस तुझ्या माहेरचे. मामा लग्नाआधीच पिकलेला, आणि तू तर मला आठवतेस तेव्हापासून पांढरीच. देवाने मला निवड करायला लावली असती तर मी बाबांचे केस मागितले असते. साठी ओलांडली तरी त्यांच्या डोक्यावर पांढरं म्हणून शोधावं लागतं. त्यांच्याकडून मला मिळाले ते फेंगडे पाय आणि तुझ्याकडून हे. बरं, फेंगड्या पायांना कोणी काळा रंग लाव म्हणत नाही.

तुला माहीत नाही, कारण हे सगळं तू गेल्यानंतरचं, पण शाळा सोडली ती सोडलीच मी. आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, कचेरीतली पाटीसुद्धा बदलली, आणि मी काही धड शिकलो नाही तो नाहीच. थोडे दिवस ट्रकवर होतो, थोडे दिवस तेंदूपत्त्याच्या फडीवर, विडीच्या पानांचे पुडे मोजत. मध्ये एकदा मलाजखंडला तांब्याची खाण निघणार म्हणून भोकं पाडणारी माणसं आली होती, त्यांच्यामागेही तंबू वाहत फिरलो. कुठं टिकलो नाही. टिकलो तो सायकलीवर. मागं पत्र्याची पेटी बांधलेली, तिच्यात फण्या, रिबिनी, टिकल्या, सुया, हातातले आरसे. आज परसवाड्याचा बाजार, उद्या दुसरीकडचा. आणि पेटीच्या वरच्या कप्प्यात, जिथं गिऱ्हाइकाची नजर आधी जाते तिथं, कलपाच्या पुड्या. सगळ्यात जास्त हाच माल खपतो, माय. लग्नसराईत तर पन्नाशीचे नवरदेवाचे बाप लपूनछपून येतात, आजूबाजूला पाहतात आणि रिबीन मागतात. मी समजून रिबिनीखाली पुडी ठेवतो. आता असा माल विकणाऱ्याचं डोकं काळं पाहिजे की नको? लोक पुडी नंतर बघतात, आधी माझ्या कपाळावरची केसांची ओळ बघतात. म्हणजे माझं डोकंच दुकानाची पाटी.

पण तो बाजारातला कलप आणि तुझा कलप यात फरक आहे. तुझा लोखंडी कढईत व्हायचा. आवळकाठी, मेंदी, चहाचं उकळलेलं पाणी, अजून काय घालायचीस कोण जाणे, रात्रभर भिजत ठेवलेलं. सकाळी स्वयंपाकघरात सगळीकडे कसासाच वास, भात शिजतो आहे की गंज, कळायचं नाही. मी चुलीसमोर पाटावर बसतो, पाठ तुझ्याकडे, खांद्यावर फाटकं धोतर. तू थंडगार लगदा टाळूवर थापतेस आणि मी उसळतो. "बस नं गुमान. भोवऱ्यासारखा हालून राह्यला." मग माझं लक्ष खिडकीबाहेर जातं, छोट्या लाईनची गाडी शिटी देते, मी मान वळवतो आणि कानावर काळा फराटा. तू माझ्या डोक्यात उलथन्याची दांडी हाणतेस, जोरात नाही, पण हाणतेस. दिवस बुधवार असायचा. बाबा तेव्हा लाकडाच्या डेपोवर राहायचे आणि शनिवारी घरी यायचे, तोवर कानावरचा डाग निघून जायचा. तू सांगून ठेवलं होतंस, "बाबाले सांगू नको." काहून, असं मी विचारलं तर म्हणालीस, "सांगू नको म्हटलं नं." मला वाटायचं, पोराच्या डोक्याला रंग फासते म्हणून ते तुला बोलतील. आणि एकदा मी म्हटलं, एवढं करते तर तुझ्याही डोक्याले लाव थोडंसं, उरलं आहे. तू उरलेलं मोरीत ओतलंस. कढई इतक्या जोरात घासलीस की मला वाटलं माझ्यावर रागावलीस.

मग तू तापाने गेलीस. त्याबद्दल मी लिहीत नाही, तुला माहीतच आहे. दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर न्हाव्याने माझं डोकं भादरलं, मिशी नुकती फुटली होती तीही गेली. आणि मग केस उगवले. कढई करणारं कोणी नव्हतं, तेव्हा ते जसे होते तसे उगवले, मीठ पसरल्यासारखे. इथून माझा वैताग सुरू झाला, माय. शेजारच्या काकूंनी मला अंगणात पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "मायच्या दुःखानं पिकला वो पोट्टा." संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. कोणाकोणाच्या आया आपल्या पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायला लागल्या, पाहा, याले म्हणतात पोरगा. मी काकूंना सांगायला गेलो, "काकू, हे आधीचंच आहे, माय मले..." तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "नको बोलू बाबू. बोललं का अजून आठोते." आता यावर माणसाने काय करायचं? मला तुझं दुःख नव्हतं असं नाही. पण ते केसात नव्हतं. ते कुठं होतं ते कोणी विचारलं नाही, सगळे डोकंच बघत बसले.

आणि बाबांनी पण तेच धरलं. आधी मी घरून पळालो की ते पट्टा काढायचे, तुला आठवत असेल, तू मध्ये पडायचीस. त्यानंतर पट्टा खुंटीवरच राहिला. मी आठ-आठ दिवस गायब झालो तरी म्हणायचे, "फिरू द्या त्याले. मायच्या मागं त्याचं मन नाई लागत घरात." येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यांना सांगायला तेवढंच होतं असं मला तेव्हा वाटायचं, आता तर जास्तच वाटतं. मी मात्र पार वैतागलो. जिथं जावं तिथं लोक माझ्या डोक्याकडे बघून तुझी आठवण काढतात, मी चहा मागितला तर आधी उसासा मिळतो. म्हणून लग्न ठरायच्या वेळी पहिली पुडी विकत घेऊन मीच लावली. बाबा दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "विसरला का रे मायले?" मी पेटी सायकलीला बांधली आणि निघालो. तेव्हापासून ते माझ्या काळ्या डोक्याकडे बघून काही बोलत नाहीत, पण जेवताना माझ्याकडे न बघता जेवतात.

आता या महिन्याचं ऐक. नवीन माल आला होता, लाल पुडी. लावली. रात्री कपाळाला आग, सकाळी डोळे सुजून बंद. कानांच्या पाळ्यांतून पाणी वाहत होतं. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, पुन्हा लावलं तर माझ्याकडे येऊ नको. घरी बायकोने गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि सुनावायला सुरुवात केली. तिचा आवाज तुझ्यासारखा नाही, खालच्या पट्टीतला आहे, पण टोचतो.

"डोळे पाह्यजे का केस, एकडाव ठरवा. मले आंधळ्याले बाजारात हात धरून नाई न्यायचं."

मी म्हटलं, धंद्याचं काय? ती म्हणाली, "बांगड्या ठेवा. बांगड्याले डोकं नाई लागत." मी म्हटलं, आणि बाबांचं काय? हे तिला सगळं माहीत आहे, मी लग्नानंतर सांगितलं होतं, तेव्हा ती पोट धरून हसली होती. या वेळी नाही हसली. "मंग सांगून टाका नं त्याईले. सासूबाई लावून देत होत्या, त्यात चोरी काय होती?"

सोपं वाटतं तिला. सांगितलं तर बाबांकडचं ते एकच मोठं बोलणं जातं, की माझा पोरगा मायवेडा. शिवाय विचारतील, तिनं माझ्यापासून लपवलं काहून, आणि ते मलाच माहीत नाही. नाही सांगितलं आणि नुसतं पांढरं डोकं घेऊन गेलो, तर पुन्हा ते दुःखाचं बिरुद माझ्या डोक्यावर बसतं, फुकटचं, आणि ते काढायची मला ताकद नाही. असा दोन्हीकडून अडकलो. पंधरा दिवस टोपी घालून फिरलो. परसवाड्यात एक चष्मेवाला गिऱ्हाईक पुडी हातात घेऊन थांबला, माझ्या टोपीखालून डोकावणारी पांढरी मुळं पाहिली आणि पुडी परत ठेवली. "भैया, तुम्हारे ही सिर पे नहीं टिका, मेरे पे क्या टिकेगा?" आजूबाजूचे चार लोक हसले. भेळवाला सगळ्यात जास्त. त्याच दिवशी मी टोपी काढून पेटीत टाकली आणि न्हाव्यासमोर बसलो. म्हटलं, जेवढं काळं आहे तेवढं सगळं काढ. त्याने विचारलं, घरात काही झालं का? बघ, याही माणसाला तेच सुचलं.

काल बाबांकडे गेलो, रामपायलीला. नोकरी सुटल्यापासून ते तिथंच असतात, काकांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. वाटेत दोन ठिकाणी उगाच थांबलो, एका ठिकाणी बैलाला नाल ठोकताना बघत उभा राहिलो, बैलालाही घाई नव्हती आणि मलाही. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. "बाबा, हे केस चौदाव्या वर्षापासून असेच आहेत, माय मला रंग लावत होती." एवढंच. बाबा ओसरीवर धान निवडत होते. त्यांनी वर पाहिलं, सूप खाली ठेवलं. मला जवळ बसायची खूण केली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, उलट्या बाजूने, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"कसा तिच्यासारखा दिसून राह्यला बे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, मले सांगाचं होतं का हे केस..." आणि ते हसायला लागले. माय, मला कळेना. तू गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, खांदे हलत होते.

"तुले सांगतो एक गंमत," म्हणाले. "तू तवा आठवीत असशीन. इथंच आलतो आमी दोघं, कार्तिकाच्या जत्रेले. तिच्यासाठी बांगड्या घ्याच्या होत्या. मी आपला एकेक रंग तिच्या हाताले लावून पाहून राह्यलो, तर तो बांगडीवाला म्हणते कसा, माई, बेटा बहुत अच्छा है तुम्हारा, माँ के लिए इतना कौन करता है. मी म्हटलं, हौ, एकलौता हूँ. मायच आहे माही." ते इतके हसले की भिंतीला टेकले. "डेपोवर सालभर सांगत होतो मी हे. जो तो मले इचारे, काय रे, माय बरी आहे का घरी?"

"अन् माय?" मी विचारलं.

"हासली नं. तेही हासली. मंग पुढं कधी जत्रेले आलीच नाई पाह्य, दर साली काही ना काही काम निघे तिले." आणि सूप उचलून पुन्हा धान निवडायला लागले. खडे बाजूला, दाणे बाजूला. त्यांचं डोकं खाली वाकलं होतं, काळंभोर.

कढई त्याच हिवाळ्यात निघाली होती, माय. मला बरोबर आठवतं, कारण आठवीतच मी पहिल्यांदा कानावर डाग घेऊन शाळेत गेलो होतो. तू मला तुझ्यासारखं होऊ देणार नव्हतीस, आणि स्वतःच्या डोक्याला लावणार नव्हतीस, कारण मग त्यांना कळलं असतं की तुला लागलं. माझ्या तोंडात पाठ केलेलं वाक्य तसंच होतं. ते आता दुसरंच वाक्य झालं होतं. ते म्हटलं असतं तर बाबांचं हसू थांबलं असतं, आणि खरं सांगू, मला ते थांबवावंसंही वाटत होतं. रागाने माझे कान पुन्हा तापले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो, प्यालो, परत येऊन बसलो. त्यांनी विचारलं, "काय सांगत होता तू?" मी म्हटलं, कलप सोडला, आता बांगड्या विकणार. ते म्हणाले, बरं केलं.

आज पेटीतल्या उरलेल्या पुड्या बायकोने काढून टाकल्या. डोकं आता असंच राहणार, लोक त्याचा जो अर्थ लावतील तो लावोत. हा कागद कुठं टाकायचा तेवढा प्रश्न आहे, तुझ्या पत्त्यावर तर पोस्टमन जात नाही आणि घरात ठेवला तर बायको मोठ्याने वाचून दाखवेल. तुझ्यावर चिडायला म्हणून मी लिहायला बसलो होतो आणि लिहिता लिहिता तुझ्या बाजूने भांडायला लागलो. पण एक राहिलं. बाबा भिंतीला टेकून हसत होते ना, तेव्हा मीही हसलो, माय. आणि त्यांच्यासाठी म्हणून नाही हसलो, मला खरंच हसू आलं.