फुकटचे दात

३ ऑक्टोबर
गेला! वरचा, अगदी समोरचा. कारखाना बंद करताना निरोपाची भेट म्हणून टॉफीचा डबा दिला होता, त्यातल्याच एका टॉफीनं घात केला. आयुष्यभर तीच टॉफी खोक्यांत भरली आणि शेवटी तिनंच दात पाडला!
आरशासमोर गाऊन बघितलं. ‘स’ आला की शिट्टी वाजते. आणि नाताळला चॅपेलमध्ये एकटीनं गायचं कडवं माझं असतं. आईच्या पश्चात कायम माझंच.

५ ऑक्टोबर
जॉब सेंटरला गेले. तोंडावर हात धरून बोलत होते, त्यामुळे काउंटरवरची पोरगी सारखी “काय म्हणालात?” विचारत होती.
निष्कर्ष असा — मी जन्मभर पूर्ण वेळ राबले, सरकारी विम्याचे हप्ते भरले, म्हणून माझा बेकारभत्ता हक्काचा. शेजारची आयरलिस माझ्याच कारखान्यात, पण अर्धा वेळ. मुलं आजारी, सासू आजारी, बाईसाहेब घरी! तिचे हप्ते पुरले नाहीत, म्हणून तिचा भत्ता गरजेचा. आणि भत्ता गरजेचा असेल तर नवे दातही फुकट. हक्काचा असेल तर पदरचे घाला!
“तुमच्यासाठी वेगळा अर्ज आहे,” पोरगी म्हणाली, “कमी उत्पन्नाचा. मंजूर झाला तर तुमचंही फुकट होईल.” शिल्लक किती, घरभाडं किती, सगळं त्यात लिहायचं. मी काय भिकारीण आहे? घेतलाच नाही.

९ ऑक्टोबर
आयरलिसचे दोन दात बसवायचेत. कुंपणावरून ओरडून सांगितलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. “अगं ग्लेनिस, एक पेनीसुद्धा लागणार नाही!”
जेवण गेलं नाही.

१२ ऑक्टोबर
दाराच्या फटीतून तोच अर्ज आत टाकून गेली. वर चिकटवलेली चिठ्ठी: “भर गं बाई. लाजतेस काय?” उपकार करायची हौस किती! चहाची किटली ठेवली त्याच्यावर.

१६ ऑक्टोबर
आयरलिस दारात. “उद्या डेंटिस्टकडे सोबत येतेस का?”
सोबत कशाला? तिचे दात बसताना मी टाळ्या वाजवू? म्हटलं, उद्या मला जॉब सेंटरला जायचंय.
उद्या मला कुठेही जायचं नाही.

१७ ऑक्टोबर
सकाळी ती बसथांब्यावर उभी होती. तिनं इकडे बघितलं. मी पडदा ओढला.

२६ ऑक्टोबर
चॅपेलमध्ये तालीम. आयरलिस आठवडाभर घरात दडून होती, आज अवतरली. दोन कसले, सगळी रांग चकचकीत! उरलेलेही फुकटात घासून दिले असतील. हसते तर कशी — ओठ मिटून, जरासंच. एकदम खानदानी!
चहाबरोबर मनुकांचा पाव होता. बाईसाहेबांनी कडा तेवढ्या बशीत काढून ठेवल्या आणि मधला भाग चहात बुडवून खाल्ला. ही कालपर्यंत माझ्या बशीतल्याही कडा खायची!
मग तो इडवल, आमची गाणी बसवणारा. गायकांना ताल देता देता थांबला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “ग्लेनिस, तू तोंडच उघडत नाहीस. यंदा कडवं आयरलिसला देऊ या.”
ती म्हणाली, “छे, नको, ते ग्लेनिसचं आहे.” पण हळू आवाजात. मनापासून नको असतं तर जोरात म्हणाली असती.
आईचं कडवं. फुकटच्या दातांनी गाणार!

२ नोव्हेंबर
तिचे दात फार पांढरे दिसतात. हे इडवलच्या बायकोला बोलूनही टाकलं. बरं वाटलं.

९ नोव्हेंबर
माझा बाजूचाही हलतोय. सफरचंद बंद.
ती मात्र गल्लीतून जाताना गुणगुणत जाते. मुद्दाम. मला ऐकू यावं म्हणून.

२० नोव्हेंबर
आज तालमीत मजा आली! उंच सूर आला आणि आयरलिस मध्येच थांबली. हातानं ओठ दाबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. मग कोट उचलून सरळ बाहेर. इडवल बघतच राहिला.
मला आनंद झाला. लिहायला लाज कसली? झाला. घरी येताना मी तेच कडवं गात आले, शिट्टीसकट.

२१ नोव्हेंबर
आयरलिस आली होती. बसली नाही. रुमाल तोंडाशी नेला आणि वरची कवळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. सगळी रांग त्या कवळीतच. आत नुसत्या हिरड्या. गाल खाली उतरले, आयरलिस एकदम तिच्या आईसारखी दिसायला लागली.
“तोंड उघडलं की सुटते. कडवं तूच गा,” म्हणाली. “दोन बसवायला गेले, तर डेंटिस्ट म्हणाला उशीर केलात, वरचे सगळे काढावे लागतील. पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षं गेले नव्हते ना! तुझा एकच गेलाय. अर्ज भर, ग्लेनिस. बाकीचे वाचव.”
मी म्हटलं, “मला सांगितलं का नाहीस?”
“सोबत ये म्हटलं होतं ना.”
सगळे त्या एका दिवसात काढले, तिनं सांगितलं. परत येताना रुमाल रक्तानं भिजला होता, बसच्या ड्रायव्हरनं तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. उतरल्यावर तिनं आधी माझ्या खिडकीकडे बघितलं.
पडदा ओढलेलाच होता.