तिखटजाळ अंबाडी

बडोदा, रविवार

माह्या आईले, वडनेरकडे तोंड करून तुह्या काजलचा नमस्कार.

मी मजेत हाय. मेसमध्ये पोटभर जेवण भेटते, अन् रंगाचा वास आताशा डोक्यात चढत नाही. तुह्या छातीतली जळजळ कमी झाली का? गोळी घेऊन राह्यली ना? बकरी व्याली का?

आमच्या चित्रकलेच्या कॉलेजात प्रदर्शन झालं. सरांनी सांगतलं होतं, घरच्या चुलीचं चित्र काढा अन् त्याच्यासमोर त्या चुलीवर होते तसं जेवण रांधून मांडा. मी आपली चूल रंगवली, तू पाठमोरी बसलेली. समोर भाकर अन् मी रांधलेली अंबाडीची भाजी ठेवली. तू करते तशीच, तिखटजाळ.

लोकांनी एकेक घास खाल्ला अन् सगळे पाण्याकडे पळाले. मले लई हसू आलं. एका बाईनं डोळे पुसत विचारलं, "इतकं तिखट काऊन?"

मी म्हणलं, "माह्या आईले आवडते."

म्हणलं खरं, पण मग मी चित्राकडेच पाहत राह्यली. आपल्या घरी पळीभर भाजी साऱ्यांले पुरवायची असे. तिखट असली की बोटभर भाजीत आख्खी भाकर जाय, वरून तांब्याभर पाणी. इथं मेसची भाजी फिकीच असते. मागाल तेवढी वाढतात ना.

फोनवर तू हसून उडवून देते, म्हणून लिहून विचारते. आई, तुले तिखट खरंच आवडते का?

तुह्या हातच्या घासाची भुकेली,
काजल