घसा बसला तेव्हा

१४ मार्च

प्रिय ताई,

आम्ही सगळे ठीक. म्हणजे जेवतो, झोपतो, दुकान उघडतो. तुझं पत्र येऊन पडलंय. तुझ्या गावच्या नोकरीचं विचारतेस आणि मी उत्तर टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. कशी येऊ गं? आप्पा आणि दादा, बाप-लेकाचा अबोला तसाच आहे. दादाने न विचारता फ्रेमा कापायचं मशीन आणलं, तेव्हापासून एकाच टेबलाच्या दोन टोकांना दोघं. आप्पा काच कापतात, दादा चौकटी जोडतो आणि मापं माझ्या तोंडून इकडून तिकडे. "त्याला सांग, बारा बाय सोळा." तो हातभर अंतरावर! "त्यांना सांग, ऐकलं." ऐकलंस तर मला कशाला सांगतोस रे बाबा? जीव नुसता मेटाकुटीला आलाय.

पण ऐकून ऐकून एक लक्षात आलं. हल्लीचे निरोप कामाचे नसतातच. "त्याला सांग, काचेला धार आहे, हातमोजे घाल." "त्यांना सांग, चष्मा पुसून घ्या म्हणावं." भांडण मिटायला आलंय की काय, म्हणून मी वाट बघत बसले. मधल्या शिव्या गाळून, गोड करून निरोप पोचवत राहिले. काही होईना.

सोमवारी माझा घसा बसला. हूं की चूं नाही. आप्पा म्हणाले, "त्याला सांग…" मी गळ्याकडे बोट दाखवलं. आप्पांनी हातातली काच टेबलावर ठेवली. मग आप्पा थेट दादाकडे बघून म्हणाले, "अरे, हिला गरम पाणी तरी दे."

"ठेवलंय आप्पा, गॅसवर."

झालं! एवढंच. दुपारी मापावरून भांडले, चांगले कडाकडा. संध्याकाळी दादाने त्यांच्यापुढे चहा ठेवला. मला हसू यायला हवं होतं, ताई. मी आत जाऊन रडले. माझ्यावाचून यांचं अडेल म्हणून मी इथे रुतून बसले, आणि यांचं अडत होतं ते मी हाताशी होते म्हणून. राग आला दोघांचा. खूप आला.

तर मी येते. रविवारच्या गाडीने. घरात अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तर बोलावं लागेल, आणि माझा घसा परवाच मोकळा झालाय हे इथे कुणालाच माहीत नाही.

तुझी,
रविवारपर्यंत मुकी,
बारकी