पोचा आलेला डबा

रविवार, संध्याकाळ. धायरी.

स्वयंपाकघर आवरलं एकदाचं. वर्षभर वापरलं नाही ते बाहेर, हा नियम माझाच. एकसारखे प्लास्टिकचे डबे आणले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली: साखर, पोहे, रवा. जुने स्टीलचे डबे दुपारी भंगारवाल्याला दिले.

चहाच्या वेळी सासूबाईंनी विचारलं, "पोचा आलेला तो लहान डबा कुठंय गं?"

पोचा आलेला, म्हणून तर पहिला तोच दिला. तसं सांगितलं त्यांना.

"बरं. छान मोकळं दिसतंय." मग कप विसळताना, माझ्याकडे न बघता, "ह्यांनी माझं नाव घातलं होतं त्याच्या बुडाला."

सासरे भांड्यांच्या दुकानात नावं घालायचे. जन्मभर दुसऱ्यांची नावं कोरली. बायकोला मात्र कायम 'अगं', नावाने हाक कधीच नाही. 'सुमन' एवढं एकदाच लिहिलं, त्या डब्याच्या बुडाला.

पालथा करून बघायला कितीसा वेळ लागला असता? पोचा बरा दिसला मला. भंगारवाल्याला फोन केला, तर माल पुढे गेला म्हणाला.

आता फळीवरच्या प्रत्येक डब्यावर नाव आहे. सगळी माझ्या अक्षरात.