पद्माची बोटं

१४ जुलै १९७३, सोलापूर

संध्याकाळची पालकसभा डोक्यातून जात नाही. सांधे धरणाऱ्या तापाची साथ आहे, म्हणून शाळेचा पाण्याचा हौद दर शनिवारी रिकामा करून घासावा, असा ठराव मी मांडला. दुष्काळ सोसलेल्या या गावात पाणी ओतून द्या म्हणणं म्हणजे जवळजवळ पापच. तरी डासांवर असा कडाडलो, की ठराव टाळ्यांत मंजूर!

मग मागून यल्लम्मा उठली. हातमागासाठी सुताच्या कांड्या भरून घर चालवते ती. "अण्णा, हौद उपसा की. पण माझ्या पद्माचं काय? ताप जाऊन लई दिस झालं, बोटं मिटत न्हाईत. पेन्सिल गळली की बाई छडी मारतात."

हेडमास्तर हसले. "ताप उतरला, आजार संपला. वक्तेमहाशय, आता ढोंगावरही एक भाषण ठोका!"

आईशेजारी बसलेल्या पद्माला मी म्हटलं, मूठ कर बघू. तिनं ओठ चावून बोटं ओढली. अर्ध्यावरच थांबली. ढोंग असं असतं? साथींवर इतकं वाचलं मी, पण साथीतून उठलेल्या माणसासाठी एक वाक्य तयार नव्हतं. ती बोटं...

भांडलो. अखेर हेडमास्तरांनी एवढंच मान्य केलं: सोमवारच्या परीक्षेत तिनं उत्तरं सांगावीत, दुसऱ्यानं लिहावीत, पण शाळा माणूस देणार नाही. मी येतो म्हणालो.

जन्मभर मी बोललो आणि लोकांनी ऐकलं. सोमवारी ती बोलणार आणि मी गप्प बसून, तिची चूकसुद्धा न सुधारता, लिहायचं. जमेल मला?